बेल्ट नाही म्हणून ७० पोरं गेटवर

पत्र, थोडक्यात: "ताई नमस्कार. अमळनेर तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलला शिक्षक आहे, पाचवी ते दहावी, पट सहाशेच्या आसपास. यंदा जूनपासून शिस्त समिती माझ्या गळ्यात पडलीय. पोरं अर्ध्या ड्रेसवर येतात, शर्टाच्या आत रंगीत टीशर्ट, केसांचे नाना प्रकार, नववीचे तर उलट बोलतात, मारामाऱ्या रोजच्याच. अध्यक्ष म्हणतात दिवाळीपर्यंत फरक दिसला पाहिजे, नाहीतर पोरं इंग्लिश मीडियमला जातील. मी गेटवर तपासणी सुरू केली, पहिल्याच आठवड्यात एका दिवशी बेल्ट नाही म्हणून ७० पोरं बाहेर उभी होती. एक सर म्हणतात २० रुपये दंड लावा, दुसरे म्हणतात कात्री घेऊन बसा, दोन दिवसांत सरळ होतील. मुलींचा ड्रेस आकाशी कुर्ता पांढरी सलवार आहे, त्यातल्या आठवीच्या दोघी तपासणीनंतर यायच्याच बंद झाल्या. कडक व्हावं का सोडून द्यावं, तुम्हीच सांगा."

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग नाही आलं. हसू यासाठी की शिस्त समिती ही प्रत्येक शाळेत सगळ्यात ज्युनियर माणसाच्याच गळ्यात का पडते हे मला ३१ वर्षं नोकरी करूनही कळलं नाही, मी पण तिसऱ्याच वर्षी ती घेऊन बसले होते, हातात फूटपट्टी आणि चेहऱ्यावर राग. त्या वर्षाचं एक सांगते, मग तुमच्या प्रश्नाकडे येते.

मी तेव्हा यावलकडे होते, केळीचा पट्टा. नववीत एक पोरगा होता, अभ्यासात बरा, बोलायला गरीब, पण शर्ट बघवत नव्हता. खांद्यावर आणि पाठीवर तपकिरी काळपट डागच डाग. मी त्याला तीन वेळा परिपाठाला सगळ्यांपुढे उभं केलं, धुऊन घालत जा म्हणून. तिसऱ्या वेळी चक्क घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. भांडायला नव्हती आली हो, पिशवीतून तो शर्ट काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "धुवा मॅडम तुम्हीच. निघाला त मले बी सांगजा कसा निघाला ते." केळीचा चीक होता तो. पोरगा पहाटे बापासोबत घड वाहायला जायचा, गाडी भरून झाली की तसाच शाळेत. आणि केळीचा चीक एकदा कापडात बसला की कापड फाटेल पण तो जात नाही, हे त्या पट्ट्यातल्या शेंबड्या पोराला पण माहिती, मलाच नव्हतं. तो शर्ट घासून घासून इतका विरला होता की टेबलाचा रंग त्यातून दिसत होता. त्या बाईने तो किती वेळा धुतला असेल याचा हिशोब मी अजून करते.

म्हणून भाऊ तुम्ही कडक का सोडून देऊ असं विचारताय ना, माझं उत्तर दोन्ही आहे, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. कपड्यांच्या बाबतीत विचारपूस आधी आणि सूट मोकळ्या हाताने. वागण्याच्या बाबतीत सूट अजिबात नाही. तुमच्या शाळेत (आणि तुमच्याच नाही, बहुतेक शाळांत) नेमकं उलटं चाललंय, बेल्टासाठी ७० पोरं उन्हात आणि वर्गात कोणी कोणाच्या जातीवरून बोललं तर "जाऊ द्या सर पोरं आहेत".

आधी ते ७० घ्या. पहिला तास गेला त्यांचा. तुमच्याकडे पहिला तास गणिताचा असेल तर मी पैज लावते, त्यातली पंधरावीस पोरं बेल्ट दप्तरात ठेवून आली होती. पोरांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतं, ज्याला तास नको त्याला तुम्ही फुकटात सुट्टी दिली आणि ज्याच्याकडे खरंच ड्रेस नाही त्याला सहाशे जणांसमोर गरीब ठरवलं. गेटवरची तपासणी उद्यापासून बंद करा. गेटवर उभे जरूर राहा, पण "या या, काय रे आज लवकर" म्हणायला. बघायचं सगळं, बोलायचं काही नाही. ज्याचं काही कमी दिसलं त्याचं नाव वर्गशिक्षकाकडे, आणि वर्गशिक्षकाने त्याला मधल्या सुट्टीत एकट्याला विचारायचं, का रे बाबा. "का" विचारायचं म्हणजे खरंच विचारायचं, आवाज चढवून "का???" नाही.

दंड आणि कात्री, दोन्ही कल्पना त्या दोन्ही सरांना परत करा. २० रुपयांची पावती कुठल्या खात्यात फाडणार? आणि जे २० रुपये येतील ते मजुरीतून येतील, किंवा मग पोरगा आईच्या डब्यातून काढेल, म्हणजे बेल्टाच्या नादात चोरी शिकवली आपण. कात्रीचं तर नावच नको. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ सांगतं की ६ ते १४ वयाच्या मुलाला शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक त्रास पण नाही, आणि वर्गात सगळ्यांसमोर केस कापणं यापेक्षा मोठा मानसिक त्रास मला सुचत नाही. नववी दहावीचे चौदाच्या वर आहेत म्हणून सुटलो असं वाटत असेल तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ वाचा, अठरा वर्षांखालचं कुठलंही मूल, ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारलं छळलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखाचा दंड किंवा दोन्ही. हे मी घाबरवायला सांगत नाही, स्टाफ मीटिंगमध्ये वाचून दाखवायला सांगते, कारण छडीवाले सर प्रत्येक शाळेत एक असतातच आणि ते आपल्याच वयाचे आणि मनाने चांगले असतात, ही अडचण आहे.

केसांवर माझं मत विचाराल तर केस परत वाढतात, त्यावर लढाई करू नका. गावात सलून किती, चार? पाच? संध्याकाळी एक चक्कर मारा, चहा प्या, त्यांना सांगा बाबा हो शाळेच्या पोरांचं शनिवारी बारीक करून द्या, ते रेघोट्या मारणं सुट्टीत करा. आमच्याकडे एका सलूनवाल्याने आरशाला चिठ्ठीच लावली होती "शाळा कटिंग". सहा महिन्यांत जे झालं ते आमच्या सगळ्या नोटिसांनी झालं नव्हतं.

आता ड्रेसचा पैसा. हा भाग अध्यक्षांना नीट समजावून सांगा, कारण त्यांना खरंच माहिती नसतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पहिली ते आठवीला जो मोफत गणवेश मिळतो तो सरकारी आणि झेडपी-नगरपालिकेच्या शाळांना, आपल्या खाजगी अनुदानित शाळेला नाही. म्हणजे तुमच्याकडे पाचवीला जे पोरगं येतं ते झेडपीच्या चौथीतून येतं, तिथं दोन ड्रेस फुकट मिळत होते, आणि तुमच्या गेटात पाऊल टाकलं की बापाला शर्ट पँट बूट बेल्ट टाय सगळं विकत. आणि कधी? जूनमध्ये. जूनमध्ये आपल्या खान्देशात शेतकऱ्याच्या खिशात काय असतं हो? जे होतं ते कपाशीच्या बियाण्यात आणि खतात गेलं. दुसऱ्याच्या शेतात जाणाऱ्याचं तर त्याहून वाईट, निंदणी सुरू होईपर्यंत कामच नाही. पैसा दिसतो दसऱ्यानंतर, कापूस वेचायला लागला की. म्हणून माझ्या शाळेत आम्ही शेवटी असं केलं, जूनमध्ये एक शर्ट आणि एक पँट, बस, बूट नको टाय नको, दुसरा जोड दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा. तारीखच बदलली. पहिल्या वर्षी काही सर म्हणाले सवलत दिली की पोरं डोक्यावर बसतात. नाही बसली. डिसेंबरात वर्ग बघितले तर नव्या जोडावर होते, कारण तेव्हा बापाला जमत होतं.

तोपर्यंत पावसाळा आहे आणि एकच ड्रेस आहे, तर सोमवारी जे उत्तर तुम्हाला मिळतं, "सर, धुयेल ड्रेस सुकनाच नही", ते दहापैकी आठ वेळा खरं असतं हो. पत्र्याच्या घरात चार दिवस झड लागली की काय सुकणार.

टाय तर कायमचा काढून टाका असं माझं म्हणणं आहे. मार्चमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि आपण पोरांच्या गळ्यात टेरिकॉटचा फास अडकवून परिपाठाला उभं करतो, कोणाला दाखवायला? इंग्लिश मीडियमवाले घालतात म्हणून. आणि एकाच दुकानातून घ्या म्हणून पालकांना सांगत असाल तर ते बंद करा, नुसता रंग सांगा, कापडाचा तुकडा नोटीस बोर्डावर टाचा, ज्याला जिथं स्वस्त पडेल तिथून घेईल. २०२४-२५ ला राज्यातल्या सगळ्या सरकारी आणि झेडपी शाळांना एकच गणवेश मुंबईहून ठरला, कापड आलं, शिवायला उशीर, मापं जुळेनात, आणि डिसेंबर २०२४ ला तो निर्णय परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. पोराचं माप जवळून घ्यावं लागतं एवढंच त्यातून घ्या.

आणि एक कपाट. दहावीच्या निरोप समारंभाला पोरांना सांगायचं, परीक्षा झाली की ड्रेस आणून द्या. पोरं देतात, आनंदाने देतात, काही तर सह्या केलेला शर्ट देतात तो तेवढा बाजूला ठेवा. गावातल्या टेलरकडून बटणं, चेन नीट करून घ्या, धुऊन इस्त्री करून मापाप्रमाणे लावून ठेवा, कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे. ज्याला लागेल त्याने वर्गशिक्षकाला सांगायचं आणि मधल्या सुट्टीत पिशवीत घालून न्यायचा. वाटपाचा कार्यक्रम करू नका. मी हात जोडून सांगते, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, एका फोटोने कपाट बंद पडतं, परत कोणी मागायला येत नाही.

आता त्या दोन मुली. भाऊ, तुम्ही पत्रात ती पांढरी सलवार एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी तिथंच थांबले. आठवी नववीच्या मुलीला पांढरी सलवार हा नियम पुरुषांनी बसून केलेला आहे हे मी डोळे झाकून सांगू शकते. महिन्याचे चार दिवस ती मुलगी एकतर येतच नाही, किंवा दुसऱ्याच रंगाची सलवार घालून येते, आणि तुम्ही गेटवर विचारता "ही कुठली सलवार". काय सांगेल ती, सगळ्यांसमोर, सरांना? ती घरीच राहील. हजेरीचं मस्टर काढा, आठवी ते दहावीच्या मुलींच्या गैरहजेरीवर पेन्सिलने खुणा करा, तुम्हाला चार-चार दिवसांचे पुंजके दिसतील. आणि कुर्ता मागच्या वर्षीचा असतो, छातीवर घट्ट होतो, म्हणून मुली भर उन्हाळ्यात स्वेटर घालतात नाहीतर दप्तर पुढे धरून चालतात, आणि आपण म्हणतो स्वेटर काढ, दप्तर पाठीला लाव, ताठ चाल. सलवारीचा रंग गडद करा, निळा करा, आजच करा. पुढच्या जूनची वाट बघू नका, शिक्षक-पालक संघाची मीटिंग लावा, आया येतील, पाच मिनिटांत ठराव होईल. आणि मुलींच्या कपड्यांबद्दल जे काही बोलायचं ते मॅडमनीच, तुम्ही नाही.

झाले कपडे. आता जिथं कडक व्हायचं ते.

तुम्ही लिहिलंय मारामाऱ्या रोजच्याच. कुठं होतात? कधी होतात? हे नाही लिहिलं, कारण बघितलेलं नसतं आपण, आपण मारामारी झाल्यावर पोचतो. पंधरा दिवस एक वही ठेवा, ती पण शिपाईमामांकडेच द्या, त्यांना सगळं माहिती असतं. कुठं, किती वाजता, कुठला वर्ग, बस. माझा अंदाज सांगते, पाण्याच्या टाकीजवळ, मुलांच्या मुतारीमागे, मधली सुट्टी संपताना, एसटी स्टँडवर संध्याकाळी, आणि सगळ्यात जास्त ऑफ तासाला. पदं रिकामी आहेत, भरती नाही, नववीला आठवड्यातून पाच-सहा तास कोणी जातच नाही, आणि मग आपण म्हणतो नववी बिघडली. रिकाम्या वर्गात चाळीस पोरं कोंडली तर आपण पण बिघडू. तो तास कोणाचा हे सकाळी दहाला फळ्यावर लिहिलेलं पाहिजे, जो सर मोकळा तो जाईल, शिकवायचं नसेल तर गोष्ट सांगा, वर्तमानपत्र वाचा, पण दारात माणूस पाहिजे. आणि टाकीजवळ मधल्या सुट्टीत एक जण, चहाचा कप घेऊन उभा राहिला तरी चालेल. निम्म्या मारामाऱ्या इथंच संपतात, मी अनुभवाने सांगते.

उरलेल्या निम्म्या सुरू कशाने होतात ते तुम्हाला पण माहिती. पोरं एकमेकांना नावाने हाकच मारत नाहीत, बापाच्या नावाने मारतात. पहिल्यांदा हसतात, दुसऱ्यांदा कोणीतरी त्यात काहीतरी जोडतो, आईवर जातो, जातीवर जातो, आणि मग ठोसा. आपण ठोसा मारणाऱ्याला पकडतो आणि बोलणारा सुटतो. हे उलटं करा. जातीवरून बोलणं, कोणाच्या अंगावरून, रंगावरून, मुलींवर शेरे, मोबाईलवर फोटो काढणं, यावर पहिल्याच दिवशी, पहिल्याच वेळेला थांबवायचं, तास बंद पडला तरी चालेल. ओरडायचं नाही. पोराला बाहेर घ्यायचं, शांत आवाजात विचारायचं काय बोललास, त्यालाच परत म्हणायला लावायचं, आणि मग ज्याला बोलला त्याच्याशी एकट्यात बोलून काय नुकसान भरून देणार ते त्याच्याकडूनच काढायचं. वेळ जातो यात, अर्धा अर्धा तास जातो, पण हाच तो कडकपणा. आणि हे सगळ्या स्टाफने सारखं केलं पाहिजे, तुम्ही थांबवलं आणि शेजारच्या वर्गातल्या सरांनी हसून सोडलं तर पोरांना कळतं की हा नियम शाळेचा नाही, या एका सरांचा आहे, आणि मग ते तुमच्याशीच खेळतात.

स्टाफचं निघालंच आहे तर, बेल झाल्यावर किती मिनिटांनी सर वर्गात जातात? तासाला मोबाईल कोणाच्या हातात असतो? गुटखा? २०१२ पासून राज्यात बंदी आहे म्हणे, तरी कोणाच्या खिशात काय आहे ते पोरांना दात बघून कळतं. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, टपरीवाल्याला हे सांगायला जाल तेव्हा आपलाच माणूस तिथं उभा नको. तुमचे अध्यक्ष भाषणात नक्कीच म्हणत असतील ही साने गुरुजींची कर्मभूमी, अमळनेरला ते म्हणावंच लागतं. गुरुजी प्रताप हायस्कूलला १९२४ ते १९३० होते, आणि छात्रालयात पोरं शाळेत गेली की त्यांची पसरलेली अंथरुणं-कपडे ते स्वतः आवरून ठेवायचे असं सांगतात, बोलायचे काही नाहीत, पोरं लाजून स्वतः आवरायला लागली. अध्यक्षांना ही गोष्ट सांगा आणि विचारा, आपल्या मुलांच्या मुतारीला दार कधी बसवताय.

उशिरा येणाऱ्यांमध्ये एसटीने येणारे वेगळे काढा. गावनिहाय यादी करा, बस रोज किती वाजता येते ते लिहा आणि मुख्याध्यापकांच्या सहीने आगार व्यवस्थापकांना पत्र द्या, एकदा नाही, दर पंधरा दिवसांनी. बस उशिरा येते ती पोराच्या हातात नाही.

आणि पालकांना बोलवायचं तर सकाळी ११ ला नको हो. मजुरी बुडवून आलेला बाप तुमचं ऐकून घेतो आणि घरी जाऊन पोराला बडवतो, तुमचं काम झालं असं तुम्हाला वाटतं. आठवडे बाजाराच्या दिवशी ते गावात येतातच, तेव्हा संध्याकाळी शाळेत बसा, एक खुर्ची त्यांना पण द्या. आणि पहिला फोन तक्रारीचा नको. नववीतलं जे सगळ्यात उलट बोलणारं पोरगं आहे ना, त्याच्या बापाला या आठवड्यात फोन करा आणि काहीतरी चांगलं सांगा, कबड्डी चांगली खेळतो, पाण्याची टाकी धुवायला मदत केली, जे खरं असेल ते. बाप आधी घाबरेल, मग गप्प होईल, मग विचारेल "अजून काय केलं त्याने?"

दिवाळीपर्यंत फरक दिसेल का? कपड्यांत नाही दिसणार, मी वर सांगितलं का ते. अध्यक्षांना हे आधीच सांगून ठेवा, त्यांची काळजी खोटी नाही, पट कमी झाला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) पद जातं आणि कोणीतरी सर अतिरिक्त होतात. पण पालक शाळा बघायला येतात तेव्हा टाय बघत नाहीत, वर्गात सर आहेत का बघतात आणि आपल्या पोराला कोणी मारत तर नाही ना ते विचारतात. मारामारीच्या वहीत ऑगस्टला किती ओळी होत्या आणि ऑक्टोबरला किती, ते त्यांच्यापुढे ठेवा.

उद्या सकाळी मात्र गेटवर जाण्याआधी त्या दोन मुलींचं बघा. शाळेतल्या ज्या मॅडमशी त्या बोलतात त्यांना घरी पाठवा, तुम्ही गेलात तर बाहेर ओट्यावर बसा. तपासणीबद्दल चूक आमची झाली असं स्पष्ट सांगायला सांगा, आणि सलवार कुठल्याही रंगाची चालेल म्हणून. झालं की मला लिहा, त्या आल्या का ते.